मलमलीतली राणी

नमस्कार. पडद्यावरचं चित्र इथे भिंतभर दिसतंय, पण मूळ चित्र सुमारे ९० सेंटिमीटर उंच आणि ७२ सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही हात पसरून एकटा माणूस उचलू शकेल एवढं. मी बोलायला सुरुवात करण्याआधी एकदा ते नीट बघून घ्या.

डोक्यावर गवती हॅट. तिला निळसर राखाडी फीत आणि पिसं. केस मोकळेसे, फारसे रचलेले नाहीत. अंगात पांढरा झगा, गळ्याशी चुण्यांची झालर. कमरेला पिवळट रंगाचा, आरपार दिसेल असा शेल्यासारखा पट्टा. हातात गुलाबाचं फूल, त्याला ती फीत गुंडाळते आहे. गळ्यात काही नाही, कानांत नाही, हातांतही नाही.

ही बाई कोण, असं मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी विचारते. कुणी म्हणतं जमीनदाराची मुलगी, कुणी म्हणतं बागेत राहायला आलेली पाहुणी. ‘राणी’ असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. आणि १७८३ साली पॅरिसमध्ये ज्यांनी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं, त्यांची तक्रार नेमकी हीच होती. ही फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. वय सत्तावीस.

रंगवणारीही बाईच. एलिझाबेथ विजे ल ब्रँ. दोघींचा जन्म एकाच वर्षीचा, १७५५ चा. चित्रकर्ती एप्रिलमध्ये पॅरिसला जन्मली, राणी नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नाला. एकीचे वडील पेस्टलने व्यक्तिचित्रं काढून पोट भरणारे. ती बारा वर्षांची असताना वारले. दुसरीची आई ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेझा. तिने चौदाव्या वर्षी मुलीचं लग्न लावून तिला फ्रान्सला पाठवलं. दोघींना बालपण तसं बेताचंच मिळालं. हे मी मुद्दाम सांगते, कारण या चित्राबद्दल लिहिताना बहुतेक लोक एकट्या राणीविषयी लिहितात. मला मात्र हे दोघींनी मिळून केलेलं चित्र वाटतं.

त्यांची पहिली भेट चित्रासाठीच झाली, १७७८ साली. मारिया तेरेझाला लेकीचं मनासारखं चित्र हवं होतं आणि आधीची एकही तसबीर तिला पसंत पडत नव्हती. तेवीस वर्षांच्या या मुलीने मग पूर्ण दरबारी पोशाखातली राणी रंगवली. ते चित्र पावणेतीन मीटरच्या आसपास उंच आहे, आज व्हिएन्नात आहे. दोन्ही बाजूंना मेजासारखा पसरलेला घागरा, पांढरं सॅटिन, सोनेरी गोंडे, मागे प्रचंड खांब. त्यात चेहरा शोधावा लागतो. पण आईला ते आवडलं, आणि त्या दिवसापासून राणीच्या महालाचं दार विजे ल ब्रँला उघडं झालं.

पुढच्या भेटींचं वर्णन तिने आपल्या आठवणींत केलं आहे. राणी तिच्याबरोबर गाणी म्हणायची. एकदा गरोदरपणात विजे ल ब्रँच्या हातून रंगांची पेटी पडली, कुंचले जमिनीवर विखुरले. ती वाकायला लागली तर राणीने तिला थांबवलं आणि स्वतः खाली वाकून ते गोळा केले. एवढ्या जिव्हाळ्यातून हे १७८३ चं चित्र आलं आहे. हुकुमावरून रंगवलेल्या चित्रात अशी सहजता येत नाही.

त्या वर्षी मे महिन्याच्या ३१ तारखेला विजे ल ब्रँला फ्रान्सच्या शाही कला अकादमीत प्रवेश मिळाला. स्त्रियांना तिथे चारच जागा होत्या. नग्न मॉडेल समोर ठेवून चित्रण शिकायला त्यांना बंदी होती. शिवाय तिचा नवरा चित्रांचा व्यापारी, आणि व्यापाराशी नातं असलेला माणूस अकादमीला चालत नसे. राजाने शब्द टाकला म्हणून ती आत आली. त्याच दिवशी आदेलाईद लाबिय-गियार हिलाही प्रवेश मिळाला, आणि लोकांनी लगेच दोघींना एकमेकींसमोर उभं केलं. दोन बायका एकाच क्षेत्रात आल्या की त्यांची झुंज लावून देणं तेव्हाही चालायचंच.

ऑगस्टमध्ये लूव्रच्या महालात अकादमीचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याला सालाँ म्हणत. प्रवेश फुकट असे, त्यामुळे सरदारांपासून कारागिरांपर्यंत सगळं पॅरिस तिथे लोटायचं. चित्रं जमिनीपासून छतापर्यंत खेटून लावलेली असत. अशा गर्दीत, अकादमीतल्या आपल्या पहिल्याच सालाँमध्ये, तिने हे चित्र मांडलं.

आणि गदारोळ झाला. काही दिवसांतच चित्र भिंतीवरून उतरवावं लागलं.

का, ते समजून घ्यायला एका शब्दापाशी थांबू. तो आपल्या घरातलाच आहे. मुलींना फ्रॉकच्या आत घालतात ती शमीज आठवते ना? आपल्या आया म्हणायच्या, “शमीज घातल्याशिवाय बाहेर जायचं नाही.” तो शब्द मूळचा फ्रेंच. शमीज म्हणजे अंगालगतचा, आतला कपडा. चित्रातला झगा हा आतला कपडा नव्हता, वर घालायचाच होता. पण तो पांढरा, सैल, डोक्यावरून घालायचा, आत ना ताठ कमरबंद ना बाजूचे सांगाडे. लोकांना त्यात आतला कपडाच दिसला. राणी शमीजवर बसून तसबीर काढून घेते! आपल्याकडे एखाद्या संस्थानच्या राणीसाहेबांचं चित्र परकर-पोलक्यात काढून चौकात टांगलं असतं तर जे झालं असतं, साधारण तेच तिथे झालं.

ही फॅशन राणीने शोधलेली नव्हती. कॅरिबियन बेटांवरच्या फ्रेंच वसाहतींत उकाड्यापायी बायका असे पातळ पांढरे झगे घालत. ज्या मळ्यांवर गुलाम राबत होते, तिथलाच हा आरामाचा पोशाख; हे विसरून चालणार नाही. तिथून तो फ्रान्सला आला. राणीने व्हर्सायच्या मोठ्या महालापासून दूर, ‘पेती त्रियानाँ’ नावाच्या आपल्या छोट्या बंगल्यात तो वापरायला सुरुवात केली. तिथे तिच्या आमंत्रणाशिवाय कुणी येऊ शकत नसे. तिच्या मैत्रिणीही असंच नेसत. १७८२ मध्ये विजे ल ब्रँने राणीची जिवलग सखी डचेस द पोलिन्याक हिचं चित्र काढलं, त्यातही गवती हॅट आणि पांढरी मलमल आहे. त्याच वर्षी चित्रकर्ती अँटवर्पला गेली, तिथे तिने रुबेन्सचं हॅटवालीचं प्रसिद्ध चित्र पाहिलं. हॅटच्या कडेखाली चेहऱ्यावर पडलेली उजळ सावली बघून ती इतकी भारावली की स्वतःला गवती हॅटमध्ये रंगवूनच थांबली. म्हणजे वर्षभर आधी जी हॅट चित्रकर्तीच्या डोक्यावर होती, ती आता राणीच्या डोक्यावर आली. प्रत्यक्षात हॅट वेगळी असेल, पण कल्पना तीच. एका कामकरी बाईने राणीला आपल्यासारखं रंगवलं.

आता कापडाकडे येते. माझा खरा जीव त्यात आहे.

मलमल. युरोपात तेव्हा जी सर्वांत तलम मलमल पोहोचत होती, ती बंगालची. मेघना नदीच्या काठी ‘फुटी कार्पास’ नावाचा कापूस व्हायचा. त्याचा धागा इतका नाजूक की कोरड्या हवेत तुटायचा, म्हणून पहाटेच्या दमट हवेत सूत काढत; त्यासाठी तरुण बायकांची नजर आणि बोटं लागायची. ढाक्याची मलमल अंगठीतून जाते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोलकात्याजवळच्या चंद्रनगरला फ्रेंचांचं ठाणं होतं आणि तिथून बंगालचं कापड फ्रान्सला जात होतं. त्याच फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत भारतीय छापील सुती कापडावर बंदी घातली होती, कारण आपले विणकर बुडतील ही धास्ती. बंदी उठून पंचवीस वर्षंही झाली नव्हती, आणि देशाची राणी सुती कापड अंगावर घेऊन सालाँच्या भिंतीवर उभी राहिली. तेही लियाँचं रेशीम बाजूला सारून.

लियाँ म्हणजे रेशमाचं गाव. राणी जे नेसते ते दरबार नेसतो, दरबार नेसतो ते युरोप नेसतो, आणि त्यावर हजारो माग चालतात. त्या मागांवरच्या माणसांना हे चित्र पोटावर पाय दिल्यासारखं वाटलं असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. त्यात आणखी एक कुजबुज सुरू झाली. राणीचा भाऊ ऑस्ट्रियाचा सम्राट. आजच्या बेल्जियमचा मोठा भाग त्याच्या ताब्यात, आणि तिथे लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, उत्तम कापड विणलं जायचं. ही परकी बाई भावाचे विणकर जगवायला आमचे मारते आहे, असं लोक म्हणू लागले. चित्रात मलमल आहे की लिनन, हे बघायला कुणी थांबलं नाही.

पांढऱ्या रंगाबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आपल्या मनात बाईच्या अंगावरचा पांढरा रंग कुठे जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना हे चित्र दाखवलं असतं तर त्यांनी आधी कपाळ बघितलं असतं. तो अर्थ या चित्रापुरता बाजूला ठेवा. तिथे पांढऱ्याचा अर्थ उन्हाळा, बाग, गाव, मोकळा श्वास. राणी त्या कापडातून म्हणते आहे की मी इथे राणी म्हणून उभी नाही. आणि लोकांना तेच नको होतं. राणीला राणी नसण्याची मुभा कोण देणार?

मग चित्रकर्तीने काय केलं? तिने दुसरं चित्र रंगवलं. पुढची स्लाइड.

हे मी व्हर्सायला प्रत्यक्ष पाहिलं आहे. पहिलं जर्मनीत, हेसे घराण्याच्या संग्रहात असतं. ते मी फक्त छापील प्रतींत पाहिलं. वॉशिंग्टनला राष्ट्रीय संग्रहालयात त्याची एक जुनी नक्कल आहे, ती दुसऱ्या कुणाच्या हातची आहे. आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यात निळसर राखाडी रेशीम, लेस, गळ्यात मोत्यांचे सर, डोक्यावर रीतसर शिरोभूषण, मागे झाड. लियाँचं रेशीम परत आलं, दागिने परत आले. पण चेहऱ्याची कलती ठेवण तीच आहे. नजर तीच. बोटांत गुलाब तोच, त्याला फीत गुंडाळणारे हातही तेच. एका चित्राला हाकललं, दुसऱ्याला मान मिळाला, आणि दोघांत बदललं ते कापड.

मी विद्यार्थ्यांना सांगते, अंगठा पुढे धरा आणि आधी चेहरा झाका, मग कपडे झाका. चेहरा झाकला की दोन वेगळ्या बायका दिसतात. कपडे झाकले की एकच. माझं म्हणणं एवढंच आहे की विजे ल ब्रँने माघार घेतली ती शिंपिणीच्या कामात, चित्रकर्तीच्या कामात घेतली नाही. जी माणूस तिने पहिल्या चित्रात पाहिली होती तीच तिने दुसऱ्यात जशीच्या तशी नेऊन बसवली. गुलाबही तिने सोडला नाही.

आणि पहिलं चित्र रंगवायला किती अवघड आहे ते ज्यांनी तैलरंग हाताळलेत त्यांना विचारा. रेशीम रंगवणं त्या मानाने सोपं, कारण त्याला चकाकी असते. चमक कुठे आणि घडी कुठे ते कापड स्वतःच सांगतं. मलमल काही सांगत नाही. पांढऱ्यावर पांढरं, आणि त्याखालून किंचित कातडीचा उबदारपणा. सफेदा जरा जास्त लागला की चुना फासल्यासारखं होतं, जरा कमी पडला की कापड मळकट दिसतं. तिच्या बाहीकडे बघा. चुण्या जिथे एकवटतात तिथे पांढरा दाट, जिथे पसरतात तिथे खालचा दंड जाणवतो, पण दिसत नाही. मी स्वतः असा एक हात तीन आठवडे रंगवत बसले होते आणि शेवटी खरवडून टाकला.

चित्र भिंतीवरून उतरलं, लोकांच्या डोळ्यांतून मात्र उतरलं नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७८४ मधल्या एका रात्री, व्हर्सायच्या बागेत कार्डिनल द रोहाँ नावाचा बडा धर्माधिकारी राणीला भेटायला आला. अंधारात त्याला एक बाई दिसली, अंगात पांढऱ्या मलमलीचा झगा, हातात गुलाब. तिने त्याला गुलाब दिला, दोन शब्द बोलली आणि निघून गेली. ती राणी नव्हती. निकोल ल गे नावाची पॅरिसमधली एक मुलगी होती, काही ठगांनी भाड्याने आणलेली. जान द ला मोत ही त्या टोळीची सूत्रधार. राणीची मर्जी झाली अशा भ्रमात कार्डिनलने तिच्यासाठी म्हणून हिऱ्यांचा एक हार उधारीवर घेतला. ६४७ हिऱ्यांचा, किंमत १६ लाख लिव्र. हार टोळीने लाटला. राणीला या कशाचा पत्ताही नव्हता. खटला चालला, ३१ मे १७८६ ला कार्डिनल निर्दोष सुटला, आणि लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की पाणी राणीच्याच अंगणात मुरतं आहे. आता विचार करा, अंधारात एखाद्या अनोळखी मुलीला राणी म्हणून उभं करायला त्या ठगांना मुकुट लागला नाही, रेशीम लागलं नाही. पांढरी मलमल आणि एक गुलाब, एवढं पुरलं.

त्यानंतर १७८७ मध्ये विजे ल ब्रँने पुन्हा राणी रंगवली, मुलांसकट, लाल मखमलीत. त्यात एक रिकामा पाळणा आहे, त्याच वर्षी गेलेल्या तान्ह्या मुलीचा. राणी आता आई म्हणून लोकांसमोर आली. त्याचा काही उपयोग झाला नाही.

यानंतर दोन वर्षांतलं तिचंच आणखी एक चित्र तुम्हाला दाखवते. या व्याख्यानाची तयारी करताना माझ्या मनात मलमलीतली राणी आणि हे, अशी ही दोन चित्रं पहिल्यांदा एकमेकांशेजारी आली. १७८८ च्या उन्हाळ्यात म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे तीन वकील फ्रान्सला पोहोचले. इंग्रजांविरुद्ध मदत मागायला आले होते. राजा सोळाव्या लुईच्या खजिन्यात तेव्हा खडखडाट होता, त्यामुळे मानपान भरपूर झाला, सैन्य मिळालं नाही. विजे ल ब्रँने त्यांना ऑपेरात पाहिलं आणि रंगवायची ओढ लागली. राजाने सांगितलं तरच बसू, असं ते म्हणाले, तर तिने राजाची परवानगी मिळवली. त्यांच्यातल्या मुहम्मद दरवेश खानाला तिने उभं, जवळजवळ पुरुषभर उंचीचं रंगवलं. हात तलवारीपाशी. चित्र वाळल्यावर तिने ते परत मागितलं तर त्याने ते पलंगामागे लपवून ठेवलं होतं. त्यात अजून जीव यायचा आहे, असं त्याचं म्हणणं. शेवटी मिळालं, आणि १७८९ च्या सालाँमध्ये लागलं. २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे ७२ लाख डॉलरना गेलं.

त्याच्या अंगावर काय आहे? पांढरी मलमल, वर सोन्याची फुलं विखुरलेली. तिने आठवणींतही तसंच लिहून ठेवलं आहे. त्याच भिंती, तीच चित्रकर्ती, तेच पांढरं कापड. सहा वर्षांपूर्वी हे कापड राणीच्या अंगावर होतं तेव्हा ती उघडी ठरली. दरवेश खानाकडे बघून कुणी असं म्हटलं नाही. त्याच्या अंगावर ते भारदस्त, दरबारी दिसलं. आणि होतंच ते तसं. ज्या देशात ते विणलं जायचं तिथे मलमल बादशहांनी नेसली होती. कापड बिचारं दोन्हीकडे सारखंच होतं.

तो सालाँ चालू असतानाच फ्रान्स राज्यक्रांतीने पेटलेलं होतं. ६ ऑक्टोबर १७८९ ला जमावाने राजा-राणीला व्हर्सायहून पॅरिसला आणलं. त्याच रात्री विजे ल ब्रँ नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन टपालगाडीने देशाबाहेर पडली. इटली, व्हिएन्ना, रशिया. बारा वर्षं ती परमुलखात रंगवत राहिली आणि रंगवून स्वतःचं व मुलीचं पोट भरत राहिली. राणीला ती पुन्हा कधी भेटली नाही. १६ ऑक्टोबर १७९३ ला राणीला गाडीतून वधस्तंभाकडे नेलं. नवऱ्याच्या सुतकाचे काळे कपडे घालायला तिला मनाई केली होती, म्हणून अंगात साधा पांढरा झगा. रस्त्यात चित्रकार दाव्हिदने पेनाने तिचं एक घाईचं रेखाटन केलं. ताठ पाठ, मागे बांधलेले हात, डोक्यावर टोपी. वय सदतीस. ते रेखाटन मी आज मुद्दाम दाखवत नाही.

विजे ल ब्रँ पुढे खूप जगली, १८४२ पर्यंत. ऐंशीच्या घरात असताना तिने आपल्या आठवणी छापल्या, त्यात या चित्राविषयीही चार ओळी आहेत. गवती हॅट, पांढऱ्या मलमलीचा झगा, आणि वाईट जिभेच्या लोकांनी राणी शमीजमध्ये बसली असा बोभाटा केला, असं ती लिहिते. साल मात्र १७८६ सांगते, म्हणजे तीन वर्षांनी चुकते. पण बाह्यांबद्दल तिने जे लिहिलं आहे ते चित्राशी ताडून बघा: आडव्या चुण्यांच्या होत्या, तरी बऱ्यापैकी अंगाबरोबर बसणाऱ्या होत्या.